नोकरी सांभाळून मानव्यविद्यांचा अभ्यास: एक प्रश्न, एक वर्ष

दहावीचा निकाल लागला की मराठी घरांत शाखेची चर्चा सुरू होते, आणि चांगले गुण मिळवलेले मूल कला शाखेकडे जातो म्हणाले तर मोठी माणसे अजूनही काळजीत पडतात. त्यामुळे बँक, संगणक, औषधनिर्माण, बांधकाम अशा क्षेत्रांत स्थिरावलेल्या कितीतरी माणसांनी इतिहासाचे शेवटचे पुस्तक दहावीत मिटलेले असते. पस्तिशी-चाळिशीत, मुले थोडी मोठी झाली आणि घराचे हप्ते अंगवळणी पडले की यांतल्या अनेकांना काही राहून गेल्यासारखे वाटू लागते. मग उत्साहाने पुस्तके मागवली जातात, एखाद्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातले जाते, चित्रप्रदर्शनाची एक फेरी होते आणि दोन-तीन महिन्यांत सगळे थंडावते.

वेळ नाही ही तक्रार खोटी नसते, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, चित्रकला या सगळ्यांची थोडीथोडी ओळख करून घेण्याचा बेत कामकरी माणसाच्या दिनक्रमात टिकत नाही, कारण दर वेळी आज काय करायचे हे नव्याने ठरवावे लागते आणि दमलेला माणूस ते ठरवत नाही. त्याऐवजी एकच नेमका प्रश्न घेऊन वर्षभर त्याच्या मागे लागले तर दहा दिवसांचा खंड पडला तरी धागा हातात राहतो. हा लेख याच पद्धतीविषयी आहे. उदाहरण सह्याद्रीतील बौद्ध लेण्यांचे घेतले आहे, कारण ती मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिक येथील नोकरदाराच्या आवाक्यात आहेत आणि इतिहास, शिल्प, धर्मविचार, भाषा, लिपी व अर्थव्यवहार ही सगळी अंगे त्यांत एकत्र येतात.

प्रश्न आपल्या व्यवसायातून काढावा

विषय आणि प्रश्न यांत गल्लत करू नये. ‘सातवाहन काळ’ हा विषय झाला; तो संपण्यासारखा नसतो, म्हणून सुरूही होत नाही. ‘ही लेणी कोणाच्या पैशाने खोदली गेली?’ हा प्रश्न झाला. त्याच्या उत्तराकडे जाण्याची वाट दिसते आणि किती अंतर कापले हेही कळते.

हा प्रश्न शक्यतो आपल्या रोजच्या कामाला लागून असलेला निवडावा, असे माझे ठाम मत आहे. दिवसभर ज्या गोष्टींकडे बारकाईने पाहण्याची नजर तयार झालेली असते, ती नजर संध्याकाळी नवशिक्यासारखी बाजूला ठेवण्याचे काहीच कारण नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात घराण्यातील पश्चिमी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे कोरीव लेख आहेत. त्यांतील एका लेखात भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या अक्षयनीवीची नोंद आहे. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कायम ठेवून केवळ व्याज वापरायची ठेव. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, मिळून ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, ठेवले गेले: एकीकडे २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या, २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे होते. हिशेब करून पाहावा. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि वीस बारे दोनशे चाळीस. ताळा चोख जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवला गेला व रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असेही लेख सांगतो. त्याच लेखातील दुसऱ्या एका दानात ७०,००० कार्षापण म्हणजे ३५ ला एक या दराने २,००० सुवर्ण, म्हणजे सोन्याची नाणी, असा नाण्यांचा विनिमयदरही दिलेला आहे.

बँकेत काम करणाऱ्याला या मजकुरात ठेव आणि व्याजदर दिसतील, वकिलाला दस्तनोंदणी दिसेल, वस्त्रोद्योगातल्या माणसाला विणकरांच्या संघटनेची पत दिसेल. भिक्षूंच्या मठाने विणकरांवर एवढा विश्वास का ठेवला, आणि ही श्रेणी बुडाली असती तर पुढे काय झाले असते, असे प्रश्न या माणसांना आपोआप पडतात. पदवीच्या परीक्षेसाठी हाच लेख पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ते पडतीलच असे नाही. स्थापत्य अभियंत्याने कान्हेरीच्या पाण्याच्या व्यवस्थेपासून सुरुवात करावी. सुतारकाम किंवा फर्निचरचा व्यवसाय असणाऱ्याने भाजे आणि कार्ले येथे जावे, कारण तिथे लाकडी बांधकामाची रीत दगडात उतरवलेली आहे आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, छताला जुन्या लाकडी कमानी अजूनही आहेत.

प्रश्न पक्का करण्यापूर्वी त्याला तीन कसोट्या लावाव्यात. तो एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. त्याच्या उत्तरासाठी लागणारे मूळ साधन, म्हणजे लेख, वास्तू, ग्रंथ किंवा ध्वनिमुद्रण, आपल्या हाती येण्यासारखे असले पाहिजे. आणि त्याचा काही भाग तरी एका रविवारात जाऊन पाहता आला पाहिजे. तिसरी कसोटी अनेक जण सोडून देतात आणि नंतर अभ्यास नुसता पडद्यावरचा होऊन बसतो.

वेळ कुठून काढावा

आधी एक आठवडा काही न बदलता रोजचा वेळ कुठे जातो ते लिहून ठेवावे. आठवड्याअखेरीस बहुधा असे आढळते की सलग तास कुठेच नाही, पण वीस-पंचवीस मिनिटांचे काही तुकडे आहेत आणि ते सगळे फोनवर गेले आहेत. कल्याणहून मुंबईला जलद लोकलनेही सुमारे तास जातो. बसायला जागा मिळाली, अगदी चौथी सीट मिळाली, तरी वाचन होऊ शकते. दारात लोंबकळणाऱ्याला मात्र वाचनाचा सल्ला देणे ही थट्टा आहे. त्याने त्या वेळी व्याख्यान ऐकावे किंवा सकाळी वाचलेला परिच्छेद मनात घोळवावा.

माझ्या मते आठवड्यातून चार दिवस पंचवीस मिनिटे आणि महिन्यातून एक रविवारची सकाळ, एवढी बांधणी पुरेशी आहे. यापेक्षा मोठा संकल्प पहिल्याच महिन्यात करू नये. पंचवीस मिनिटांची जागा ठरलेली असावी: तीच गाडी, जेवणाच्या सुट्टीतला तोच कोपरा किंवा मुले झोपल्यानंतरचे तेच टेबल. पहाटे पाचला उठण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. तो देणाऱ्यांच्या घरी डबा बहुधा दुसरेच कोणी भरत असते.

इथे घरातल्या कामाच्या वाटणीचा मुद्दा टाळता येत नाही. नोकरी करून स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासू-सासऱ्यांची औषधे सांभाळणाऱ्या स्त्रीला वेळेच्या नियोजनाचे धडे देण्यात अर्थ नाही. तिला कोणीतरी कामातून मोकळे करावे लागते. घरात दोन प्रौढ माणसे असतील तर दोघांनाही आठवड्यातून एकेक संध्याकाळ नावाने लिहून द्यावी, ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नोंदवावी आणि त्या संध्याकाळी दुसऱ्याने घर पूर्णपणे पाहावे. ‘जमेल तसे बघू’ या तत्त्वावर तो वेळ कधीच मिळत नाही.

वाचनाचा क्रम

पहिल्या महिन्यात पुस्तके विकत घेऊ नयेत. घेतलेल्या पुस्तकांमुळे अभ्यास सुरू झाल्याचे समाधान मिळते आणि अभ्यास तिथेच थांबतो. त्याऐवजी जवळच्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आणि पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालत आले आहे. लहान गावांतही सार्वजनिक वाचनालय बहुधा असते आणि तिथल्या ग्रंथपालाला आपला प्रश्न सांगितला तर अर्धे काम होते.

सुरुवात मराठी विश्वकोशातील नोंदीने करावी. हा विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येतो आणि त्यातील नोंदी पंचवीस मिनिटांच्या बैठकीत बसतात. त्यानंतर जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड चाळावेत. ते १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील मते पुढे पुष्कळ सुधारली गेली असली तरी प्रत्यक्ष पाहून केलेली वर्णने आजही उपयोगी पडतात. मग मूळ लेखांकडे वळावे. वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचे कोरीव लेख मराठीत अर्थासह उपलब्ध करून दिले आहेत, त्यामुळे इंग्रजी किंवा प्राकृत न येणाऱ्याचेही अडत नाही. भाष्य वाचण्यापूर्वी मूळ लेखाचा अनुवाद स्वतः दोनदा वाचावा, असा नियम ठेवावा. तज्ज्ञाचे मत आधी कळले की आपल्याला स्वतंत्रपणे काही दिसत नाही.

एका बैठकीत तीन-चार पानांपेक्षा जास्त वाचण्याची गरज नाही. टिपणासाठी एकच वही ठेवावी. डाव्या पानावर पुस्तकात काय आहे ते पृष्ठक्रमांकासह लिहावे आणि उजव्या पानावर आपल्याला काय वाटले ते लिहावे. ही दोन पाने वेगळी ठेवली नाहीत तर सहा महिन्यांनी माहिती कोणती आणि तर्क कोणता हे ओळखता येत नाही. बैठक संपवताना शेवटच्या ओळीत पुढच्या वेळी काय करायचे ते लिहावे. ‘सोपाऱ्याचे दाते किती ते मोजणे’ एवढी एक ओळ असली तरी पुढची बैठक लगेच सुरू होते.

एक कौशल्य हाताला लावावे

नुसत्या वाचनाने येणारा कंटाळा घालवण्यासाठी वर्षभरात एक तरी हातचे कौशल्य शिकावे. लेण्यांच्या बाबतीत ते ब्राह्मी लिपीचे आहे आणि ते वाटते त्यापेक्षा बरेच सोपे आहे. अशोककालीन ब्राह्मीत क हा अधिकचिन्हासारखा, ठ नुसते वर्तुळ, थ वर्तुळात टिंब आणि ब चौकोन असा लिहिला जातो. मराठी माणसाला वर्णमाला आणि बाराखडी अंगवळणी असल्यामुळे केवळ चिन्हे नवी असतात, रचना ओळखीची असते. रोज पाच अक्षरे गिरवली तर दोन-तीन आठवड्यांत घरातल्या सगळ्यांची नावे लिहिता येतात, आणि मुलांना हा गुप्तलिपीचा खेळ वाटतो, हा अधिकचा लाभ.

पण अशोककालीन तक्ता घेऊन थेट नाशिकला गेल्यास निराशा होईल. सातवाहन-क्षत्रप काळापर्यंत अक्षरांचे वळण बदलले होते. उभ्या रेघांच्या माथ्याला जाडी आली आणि क, र यांसारख्या अक्षरांची खालची टोके वळली. म्हणून आधी जुना तक्ता पक्का करावा, मग नंतरच्या काळाचा. अख्खा लेख वाचण्याच्या भानगडीत आरंभी पडू नये. दान, लेण, पोढि म्हणजे पाण्याचे टाके, देयधम म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तू, अशी वारंवार येणारी चार-पाच रूपे ओळखू आली तरी भिंतीवरच्या खुणा मजकूर होऊन समोर येतात.

ज्याला लिपीची आवड नाही त्याने रेखाटन करावे. स्तंभशीर्ष नीट पाहायचे असेल तर ते वाईट का होईना काढून पाहण्यासारखा उपाय नाही. छायाचित्र काढणारा माणूस पुढे निघून जातो. चित्र काढणाऱ्याला पंधरा मिनिटे तिथेच बसावे लागते.

प्रत्यक्ष जाऊन पाहणे

कान्हेरीची लेणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. उद्यान सोमवारी बंद असते, आणि प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत काही किलोमीटर आत जावे लागते हे लक्षात घेऊन सकाळी लवकर पोचावे. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. ती सगळी एका दिवशी पाहण्याचा अट्टहास करू नये. दाते शोधणाऱ्याने तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह आणि आसपासची दहा-बारा लेणी पाहावीत. पाण्याचा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक लेण्याच्या दाराशी असलेले टाके आणि त्याकडे पाणी नेणारे खडकातले पाट वरपासून खालपर्यंत शोधत जावे. येथील दात्यांत कल्याण आणि सोपारा येथील लोक पुन्हापुन्हा भेटतात. कल्याणहून किंवा नालासोपाऱ्याहून रोज मुंबई गाठणाऱ्या वाचकाला हे कळल्यावर आपल्या स्थानकाच्या पाटीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. नव्वदाव्या लेण्यात इसवी सन १००९ आणि १०२१ या सालांचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत. तिथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली आहेत.

त्याच वर्षात नालासोपाऱ्याला एक सकाळ द्यावी. तिथे ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले आणि स्तूप उजेडात आला. त्यात सापडलेल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपाऱ्यालाच अशोकाच्या शिलाशासनाचे तुकडे मिळाले. त्यांतील एक छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. जुना तक्ता शिकलेल्याने तो तुकडा वाचून पाहावा.

पुण्याकडच्या वाचकाला मळवली स्थानकावर उतरून भाजे पायी गाठता येते. कार्ले महामार्गाच्या पलीकडे आहे. चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा आईचे देऊळ असल्यामुळे रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत तिथे अभ्यास होणे नाही. शक्यतो आडवारी रजा टाकून जावे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, दानाचा लेख आहे, आणि त्याच गावच्या सामिन नावाच्या सुतारानेही दाराचे काम केल्याची नोंद आहे. आतल्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक समजल्या जाणाऱ्या, दात्यांचे उल्लेख आहेत. राजाने लेणी खोदली हे शाळेत ठसलेले उत्तर इथे ढिले पडू लागते.

लेख वाचण्यासाठी तिरका उजेड लागतो. सकाळचे किंवा उतरत्या उन्हाचे तास निवडावेत, नाहीतर विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरावी. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरवणे किंवा पाणी मारणे हा अपराध समजावा. पावसाळ्यात कान्हेरी देखणी दिसते, पण दगड निसरडे असतात आणि अंधुक उजेडात वाचन होत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

लेण्यांचे वेड नसलेल्यांसाठी

पद्धत तीच, प्रश्न वेगळा. संगीताची ओढ असणाऱ्याने ‘सगळे शास्त्रीय संगीत समजून घ्यायचे’ हा विचार सोडून भूप आणि देशकार हे दोनच राग वर्षभरासाठी घ्यावेत. दोघांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. तरी एक संध्याकाळचा आणि एक सकाळचा, एकात गंधाराला महत्त्व आणि दुसऱ्यात धैवताला. हा फरक कानाला कळेपर्यंत निरनिराळ्या गायकांचे गाणे ऐकत राहावे. काव्याकडे ओढा असणाऱ्याने ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय घ्यावा. गीतेच्या २० श्लोकांवर तिथे सुमारे २५० ओव्या आहेत; ज्ञानदेव कोणत्या श्लोकावर थोडक्यात बोलून पुढे गेले आणि कुठे रेंगाळले, हे रोज दहा ओव्या वाचून स्वतः शोधावे.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने जवळचे काय आहे ते पाहावे. लंडनमध्ये राहणाऱ्याला सातवाहनकालीन शिल्पे पाहण्यासाठी भारतात यावे लागत नाही. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती तिथे कशी पोचली, हाही एका वर्षाचा प्रश्न होऊ शकतो.

सोबत आणि खंड

तिघे-चौघे जण मिळाले तर अभ्यास टिकतो. दहा जण झाले की सहल होते. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बसावे, प्रत्येकाने आपल्या वहीतील एक नोंद वाचून दाखवावी आणि इतरांनी तीवर शंका काढाव्यात. यासाठी व्हॉट्सअॅपवर गट काढायचा असेल तर तो वेळ-ठिकाण कळवण्यापुरताच ठेवावा. जाणकारांचे ऐकण्याची सोयही आपल्याकडे जुनी आहे: पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली, आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाला पाक्षिक सभांची परंपरा आहे. व्याख्यानाला जाताना आपला प्रश्न कागदावर लिहून न्यावा. नंतर वक्त्याभोवती जमलेल्या घोळक्यात नेमके विचारणाऱ्याला नेमके उत्तर मिळते.

मार्चअखेर, गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा आणि घरातले आजारपण यांत अभ्यास थांबणारच. ते आधीच गृहीत धरून वर्षाचे दहा महिनेच मोजावेत. खंडानंतर राहिलेले भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. वही उघडून शेवटच्या ओळीत लिहिलेले काम करावे. तीन महिन्यांनंतरही प्रश्न आपलासा वाटत नसेल तर तो बदलण्यात कमीपणा नाही, मात्र त्यानंतर वर्षभर पुन्हा बदलू नये.

अकराव्या महिन्यात लिहायला बसावे. हजार-दीड हजार शब्दांचा लेख पुरे. तो छापून यावा अशी अपेक्षा नसावी, पण आपला व्यवसाय वेगळा असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला तो कळला पाहिजे. लिहिताना कुठेतरी वाक्य अडते, कारण तिथे आपल्याला अजून नीट कळलेले नसते. अशा जागांची यादी वहीच्या मागच्या पानावर करावी आणि पुढच्या वर्षीचा प्रश्न तिच्यातूनच निवडावा. दात्यांपासून सुरुवात केलेला माणूस बहुधा विणकरांच्या श्रेणींपाशी किंवा धेनुकाकट हे गाव नेमके कुठे होते या वादापाशी येऊन थांबलेला असतो, आणि त्यातला कोणताही धागा बारा महिने सहज पुरतो.